किडे फ्रीजमध्ये ठेवायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

मंगळवारी संध्याकाळी ताईकडे गेले तर भाची स्वयंपाकघरात स्टीलचा डबा धरून उभी. डब्यात खंडोबाचा किडा, म्हणजे प्रार्थनाकीटक. परसातल्या जास्वंदीवरून धरलेला. पुढचे दोन्ही पाय छातीशी आवळलेले, मिशा पडलेल्या, पंखांवर बारीक पाणी धरलेलं. "मावशी, दहाच मिनिटं ठेवलावता गं. हलंना झालाय की," म्हणाली. रडायच्या बेतात होती पोरगी.

तिला हे शिकवलं व्हॉट्सॲपनं. ‘सहलीत कीटकांचे भन्नाट फोटो काढा’ असा एक मेसेज सध्या आमच्या तीन ग्रुपवर फिरतोय. दिवाळीच्या सुट्टीत ताईकडच्यांचं दाजीपूरच्या जंगलात जायचं ठरलंय, म्हणून ही घरी सराव करत होती. मेसेजात सांगितलंय ते थोडक्यात असं: छोट्या कॅमेऱ्यानं कीटकांचे फोटो येतच नाहीत, त्याला लेन्स बदलता येणारा मोठा डीएसएलआर कॅमेरा आणि बारीक वस्तू जवळून मोठी टिपणारी मॅक्रो लेन्सच लागते. किडा धरून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवावा, प्रवासात असाल तर आइसबॉक्समध्ये. तो गप्प बसतो आणि त्याला काहीही होत नाही. बेडूक दिसला तर उचलून मोकळ्या दगडावर ठेवावा. फुलांवर साखरपाणी मारावं. फ्लॅश कधीच वापरू नये.

फ्रीजचं आधी बोलते, कारण त्यावरच माझं डोकं फिरलंय. कीटकाला सहसा स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. भोवतालची हवा जेवढी गार, जवळजवळ तेवढंच त्याचं अंग गार. फ्रीजमध्ये चारेक अंश तापमान असतं. कोल्हापूरच्या ऐन थंडीतही एवढा गारठा पडत नाही. इथल्या हवेत वाढलेल्या किड्याला एकदम त्यात टाकलं की त्याच्या नसा आणि स्नायू काम करायचे थांबतात. तो ‘गप्प बसत’ नाही, त्याची शुद्ध जाते. त्यातून काही उठतात, काही उठत नाहीत. प्रयोगशाळेत फळमाश्या गार करून निपचित करतात, हे खरं आहे. पण तिथं कोणती जात, किती तापमान, किती वेळ हे ठरलेलं असतं. दुधाच्या पिशवीशेजारी डबा सरकवणं म्हणजे ते नव्हे.

आणि एवढं करून फोटो तरी कसला येतो? जिवंत खंडोबाचा किडा तुमच्याकडे मान वळवून बघतो. त्याच्या डोळ्यातला काळा ठिपका तुम्ही जाल तिकडे सरकताना दिसतो. फोटो काढायचा तर त्या बघण्याचा. गारठलेल्या किड्याची मान लोंबते, पाय मुडपतात, बाहेर काढल्याबरोबर अंगावर पाणी धरतं. कीटक बघणाऱ्या माणसाला असला फोटो लगेच ओळखू येतो.

या मुद्द्यात एकच गोष्ट खरी आहे, ती मान्य करते: थंडीत कीटक सुस्त असतात. मग पहाटे उठा की! नोव्हेंबरात सूर्य वर यायच्या आत कळंबा तलावाच्या काठाला जा. गवताच्या पात्यांवर चतुर बसलेले असतात, पंखांवर दवाचे थेंब. अंग तापल्याशिवाय त्यांना उडता येत नाही, त्यामुळे हळू गेलात तर हातभर अंतरावरून फोटो मिळतो.

आइसबॉक्स दाजीपूरला न्यायला सांगणाऱ्यानं तर कायदा उघडूनही पाहिलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं आणि यातलं काही करायचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीच्या व्याख्येत येतं. प्रत्येक किडा त्या कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित जीवांच्या यादीत, नाही हे कबूल, पण कितीतरी फुलपाखरं आणि भुंगेरे आहेत, आणि आठवीतल्या पोरीनं ते ओळखायचे कसे? शिवाय दाजीपूर हा राधानगरी अभयारण्याचा भाग. अभयारण्यातून कुठलाही वन्यजीव परवान्याशिवाय हलवायचा नाही, असं कलम २९ सांगतं. तिथं किडा डब्यात भरून गाडीत ठेवला तर पोरीच्या हौसेपायी आईबापांना वनखात्यापुढं उभं राहावं लागेल. मेसेज लिहिणारा येणार आहे का सोडवायला?

बेडकाचंही तेच. बेडूक कातडीतून पाणी घेतो, श्वासही घेतो. आपल्या हाताला डासांचं मलम, सॅनिटायझर, काय काय लागलेलं असतं, ते सगळं त्याच्या अंगात जातं. कोल्हापूरची माणसं आजऱ्यावरून पावसाळ्यात आंबोलीला जातात. तिथला ‘आंबोली टोड’ नावाचा बेडूक २००९ मध्ये नवी जात म्हणून जगापुढं आला आणि तो आंबोलीच्या आसपासच सापडतो. नामशेष व्हायचा सर्वाधिक धोका असलेल्या प्राण्यांत त्याची गणना आहे. त्याला दगडावर मांडून फोटो काढणार? जिथं बसलाय तिथंच आडवं पडा, कपडे मळू देत.

आता छोटा कॅमेरा. अंधाऱ्या जंगलात त्याचा फोटो दाणेदार, खरखरीत येतो, हे खरं आहे. पण ‘येतच नाहीत’ हे खोटं. माझ्याकडे ऑलिंपसच्या टफ मालिकेतला कॅमेरा आहे. तो लेन्सपासून एक सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट टिपतो. सेन्सर, म्हणजे आतला चित्र टिपणारा भाग, लहान असल्यामुळं खोलीही जास्त मिळते, म्हणजे पुढचं-मागचं जास्त काही स्पष्ट येतं. मोठ्या कॅमेऱ्यात जवळून मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर मिशा धूसर होतात, यात बऱ्याचदा दोन्ही येतं. एक सेंटिमीटरवर कॅमेऱ्याचीच सावली पडते, किडाही पळतो. त्यावर उपाय म्हणजे झूम करून लेन्सच्या पुढं क्लोजअप भिंग लावायचं. आठ डायॉप्टर ताकदीचं लावलं की पाचेक इंचांवरून काम होतं. शिवाय हा कॅमेरा खिशात मावतो. गगनबावड्याच्या एसटीत उभं राहून जाणाऱ्याला हे महत्त्वाचं.

साखरपाण्यानं मुंग्या जमतात. फुलपाखरं हवीत तर ओढ्याकाठच्या ओल्या मातीपाशी थांबा, क्षार शोषायला ती आपणहून येतात.

फ्लॅश काजव्यांवर मारू नये, टॉर्चही नको, कारण नर-मादीचं बोलणंच उजेडातून चालतं. राधानगरीला मे-जूनमध्ये जाणाऱ्यांनी हे पाळावंच. इतर वेळी फ्लॅशपुढं ट्रेसिंग पेपरचा तुकडा लावला की उजेड मऊ पडतो आणि काम भागतं.

त्या रात्री आम्ही किड्याला परत जास्वंदीवर ठेवलं. तासाभरानं मिशा हलल्या, एक मागचा पाय सरळ झाला. भाची जेवायलाही येईना. सकाळी तो कुंडीत पडला होता आणि मुंग्या लागल्या होत्या. ताईनं आमच्या ग्रुपवरचा मेसेज काढलाय. बाकीच्या दोन ग्रुपवर तो अजून आहे, तिथं हे उत्तर टाकतेय.