रेव्हरंड टिळक आणि सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. कुणीतरी पुढे ढकलला, खाली अकरा जणांनी हात जोडले. मजकूर साधारण असा: ‘नारायण वामन टिळक हा लोकमान्यांचा सख्खा भाऊ. पैशासाठी बाटला, बायकोला सक्तीने बाटवलं, इंग्रजांची चाकरी केली आणि मराठी संस्कृतीवर पाणी सोडलं. हे तुम्हाला शाळेत शिकवलं नाही.’ गंगापूर रोडवर राहून हे मुकाट्याने वाचणं मला जमलं नाही. ख्रिस्ती झालेल्या या मराठी कवीची सासुरवाडी इथून हाकेच्या अंतरावर, गोदेकाठच्या जलालपुरात. लक्ष्मीबाई तिथल्या गोखल्यांची मुलगी.

पहिला मुद्दा पटकन उरकतो. लोकमान्य रत्नागिरीचे, जन्म १८५६, वडील गंगाधरपंत. नारायणराव दापोली तालुक्यातल्या करजगावचे, जन्म १८६१, वडील वामनराव. आडनाव एक म्हणून भाऊ ठरायचं तर आमच्या नाशिकमधले सगळे पाटील एकाच पाळण्यातले निघतील. (लोकमान्यांनी स्वतः १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून केवढं रण माजलं होतं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली होती. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.)

आता पैसा. १८९३ साली राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांना बायबलमधला नवा करार वाचायला दिला. ते ख्रिस्ताच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना हलवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते, संस्कृतचा गाढा अभ्यास असलेले चित्पावन. पोटापुरतं काम त्यांना कुठेही मिळालं असतं. जात गेली, नातेवाईक गेले, बायको आणि लहानगा मुलगा दत्तू दुरावला. हा सौदा असेल तर असा आतबट्ट्याचा व्यवहार मी दुसरा पाहिला नाही. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनकडून पगार होता, ते नाकारत नाही. पण तोही त्यांनी १९१७ मध्ये सोडला. मिशनचा राजीनामा दिला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यांच्या घरातल्या पैशाचा हिशेब पाहायचा तर लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ कुठूनही उघडा. दर चार पानांवर रिकामा खिसा, आणि सामानासाठी दिलेले पैसे भलतीकडेच उडवून आलेला नवरा.

इंग्रजांची चाकरी हे तर अज्ञानच. मिशन अमेरिकन होतं, नावातच आहे. नाशिकला शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली ती इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने, त्याचा टिळकांशी गोंधळ होत असेल तर समजू शकतो. गोऱ्या मिशनऱ्यांनी देशी ख्रिस्त्यांचे मायबाप होऊन बसावं हे टिळकांना खुपत होतं. त्यांच्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशी न घेतलेल्यांनाही. कुठल्या चाकराने मालकाला न विचारता असला दरबार भरवला?

सक्तीच्या आरोपापाशी मात्र मी थांबतो, कारण इथे मेसेज चुकीचा असला तरी टिळकही निर्दोष नाहीत. बाप्तिस्म्याची बातमी लक्ष्मीबाईंवर वीज पडावी तशी पडली. रडून रडून त्यांची वेड्यासारखी अवस्था झाली, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. तीस-बत्तीस वर्षांच्या माणसाला आत्म्याची वाट सापडते तेव्हा मागे राहिलेल्या बाईने काय करायचं, याचा विचार टिळकांनी पुरेसा केला नव्हता असं माझं मत आहे. पण सक्ती? त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, पंढरपुरात नातलगांकडे होत्या. नवऱ्याकडे परतल्या तेव्हाही स्वतःचं सोवळं सांभाळत होत्या, आणि टिळकांनी ते सांभाळू दिलं. ज्यांचे वडील बाजारातून आलेला जिन्नसही धुऊन घेत, त्या मुलीचं हे सोवळं होतं. ते आतूनच सुटत गेलं. माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही, हा हिशेब त्यांनी स्वतःच्या डोक्याने मांडला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला. सक्ती करणारा माणूस पाच वर्षं वाट पाहत बसत नाही. पुढे याच बाईने अनाथ पोरं सांभाळली, कीर्तनं केली, आणि नवऱ्याचे सगळे नमुने जगापुढे मांडणारं पुस्तक लिहिलं. दबलेल्या बाईचं मराठी असं खळखळत नाही.

राहिली संस्कृती. खरं तर एवढ्यासाठीच मी लिहायला बसलो.

दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या काकूंच्या अंत्यविधीला शरणपूरला गेलो होतो. माझ्या डोक्यात सिनेमातलं चर्च होतं: ऑर्गन, इंग्रजी, काळे कोट. पुढे बसलेल्या आजोबांनी पिशवीतून टाळ काढले. पेटीवाल्याने सूर धरला आणि अख्ख्या सभेने अभंग उचलला. मला शब्द येत नव्हते, पण ठेका हाताला माहीत होता. शेजारच्या बाईंनी ‘उपासना संगीत’ हे चर्चचं गीतपुस्तक माझ्यापुढे सरकवलं. कव्हरला खाकी कागद, कोपरे तेलकट. चरणाच्या शेवटी ‘दास म्हणे’ आलं तेव्हा लक्षात आलं, ही टिळकांची नाममुद्रा. ‘तुका म्हणे’च्या वळणावर बेतलेली, उघड उघड. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत, आणि आल्यावर त्यांनी पूल तोडला नाही. ख्रिस्ताचं चरित्र सांगायला घेतलं ते ‘ख्रिस्तायन’ ओवीत. दहा-अकरा अध्यायांवर ते अडलं, पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या पोराने त्र्यंबकेश्वरच्या गणेशशास्त्री लेल्यांपाशी नाशकात संस्कृत गिरवलं, त्याचं मराठी चर्चच्या दारात बाहेर काढून ठेवलं गेलं नाही, आतच गेलं. त्याआधी विलायती चालींवर भाषांतरित गाणी म्हणणाऱ्या माणसांना आपल्या आजीच्या चालीत देव मिळाला, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

बालकवींना विसरायला नको. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनानंतर या पोराला टिळकांनी नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. लक्ष्मीबाईंनी त्याचं आईसारखं केलं. बालकवी ठोंबऱ्यांचे, हिंदू होते आणि हिंदूच राहिले. बाटवायचीच हौस असती तर घरात जेवणारं पोरगं सुटलं असतं?

‘शाळेत शिकवलं नाही’ या शेवटच्या वाक्याचा निकाल ग्रुपवर लागला नाही, लिफ्टमध्ये लागला. मेसेज टाकणारे काका बँकेतून निवृत्त झालेले, पंच्याहत्तरीचे. मी म्हटलं, ‘काका, एक ओळ म्हणतो, ओळखा. क्षणोक्षणी पडे, उठे परि बळे, उडे बापडी...’

‘चुके पथहि, येउनी स्तिमित दृष्टिला झापडी!’ काकांनी पिशवी खाली ठेवली आणि चारही ओळी म्हटल्या, मास्तरांनी घोटून घेतलेल्या, एकही अक्षर न अडखळता. तिसरा मजला आला, दार उघडलं, तरी ते उभेच. ‘केवढे हे क्रौर्य. सातवीत होती आम्हाला,’ म्हणाले. ‘कुणाची रे ती?’