कोंबडीचं उटणं

झटपट पाककृतींमध्ये वेळ मोजायला सुरुवात होते ती सगळं सामान ओट्यावर हजर झाल्यावर. लसूण सोललेला, रस गाळलेला, चिकन पुसून कोरडं केलेलं, दारावर कोणी नाही आणि फोनही वाजत नाही, अशा मुहूर्तापासून पुढे वीस मिनिटं. या हिशेबाने लग्नाचा स्वयंपाकसुद्धा झटपटच म्हणायचा.

आमच्या कन्येने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक हसरी बाई चिकनच्या मांड्यांवर संत्र्याचा चकचकीत पाक ओतत होती. घामाचा टिपूस नाही, ओट्यावर एक डाग नाही. कन्या म्हणाली, "बाबा, आपण नागपूरचे आहोत. हे तर आपल्याला यायलाच पाहिजे."

तर्क बिनतोड होता. शहराला संत्रानगरी म्हणतात, रेल्वे स्टेशनजवळच्या बाजाराचं नाव संत्रा मार्केट, आणि केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आमच्याच अमरावती रोडवर. एवढं असूनही नागपुरात संत्रं कोंबडीच्या आसपास फिरकत नाही. संत्र्याची बर्फी होते, सरबत होतं, थंडीत उन्हाला पाठ करून फोडी खायच्या आणि बिया अंगणात उडवायच्या. कोंबडी सावजी मसाल्याकडे दिलेली. या दोन घराण्यांची सोयरीक आजवर कोणी सुचवलीच नव्हती, आणि ती जमवायचं काम आता माझ्याकडे आलं होतं. बायको ऑफिसच्या कामाला वर्ध्याला गेलेली, रात्री उशिरा येणार. घरात मी, कन्या आणि आई.

वार बुधवार होता, हे महत्त्वाचं. सोमवार शंकराचा, मंगळवारी आईचा कसलासा नेम, गुरुवार गजानन महाराजांचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारी कन्येचा क्लास. म्हणजे आज नाही तर थेट रविवार, आणि रविवारी सावजी सोडून दुसरं काही शिजवायची आमच्या घरात कोणाची हिंमत नाही.

पाककृतीतली पहिली ओळ अशी होती: एका संत्र्याचा रस आणि त्याच संत्र्याची किसलेली साल. गोकुळपेठेच्या बाजारात गेलो. जानेवारी संपत आलेला. हातगाडीवर नारिंगी, तकतकीत, एका मापाच्या फळांचा डोंगर.

"हे संत्रा नाही भाऊ, किन्नू आहे. पंजाबचा."

"आणि नागपुरी?"

"आंबिया बहार संपला न आता. मृगाचा माल यायचा आहे. दोन-तीन हप्ते थांबा."

वीस मिनिटांच्या स्वयंपाकासाठी दोन-तीन हप्ते. किन्नू तसा पंजाबचाही नाही. कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात दोन जातींचा संकर करून काढलेलं हे वाण, 1935 साली बाहेर पडलं आणि पुढे पंजाबात रुजलं. ज्या संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्याच गावात उभं राहून मी अमेरिकेच्या फळाकडे बघत होतो. माझा चेहरा बघून फळवाल्याला दया आली असावी. त्याने गाडीखालच्या पोत्यातून स्वतःसाठी ठेवलेली नागपुरी संत्री काढली. बारकी, हिरवट पिवळी, साल फुगून आतल्या फळापासून सुटलेली.

"करायचं काय आहे तुम्हाले?"

"साल किसायची आहे."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा संत्र्याकडे पाहिलं. "फेकायची साल किसायले नागपुरी कायले पाहिजे? एक किलो किन्नूही घेऊन घ्या, रसाले कामी येईल." घेतले.

चिकनच्या दुकानात परिस्थिती अधिक नाजूक झाली. व्हिडिओतल्या बाईने बजावून सांगितलं होतं की मांड्या कातडीसकट हव्यात, कारण पाक कातडीला धरतो आणि तिच्या चरबीवरच ती कुरकुरीत होते. आमच्याकडे कोंबडी मिळते ती सोललेली. दुकानदार सदरा उतरवावा तशी पिसांसकट कातडी एका झटक्यात ओढून काढतो आणि पुढचं गिऱ्हाईक घेतो.

"कातडीसकट पाहिजे."

"कुत्र्यासाठी?"

"नाही. घरी खायला."

"मग पाणी तापवावं लागते. गरम पाण्यात बुडवा, मशीनमध्ये पिसं काढा, राहिलेली हाताने काढा." त्याने मागच्या थंडगार पातेल्याकडे हनुवटीने खूण केली. "अर्धा तास बसा." मी बाकावर बसलो. माझ्यानंतर आलेली माणसं बिनकातडीचं चिकन घेऊन घरी गेली, आणि एव्हाना त्यांचा कांदाही परतून झाला असेल. मागून आलेल्या एका काकांनी दुकानदाराला हळूच विचारलं, "हे काऊन थांबले?" दुकानदार म्हणाला, "कातडी खातात." काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी घरी कोणाला सांगितली नाही.

घरी आल्यावर साल. विदेशी पाककृती ज्या संत्र्यासाठी लिहिलेल्या असतात, त्याची साल फळाला घट्ट चिकटलेली असते. फळ किसणीवर फिरवलं की नुसता नारिंगी थर भुरभुरत निघतो. नागपुरी संत्र्याचं सगळं कौतुकच हे की साल सैल, बोट घातलं की सुटते. किसणीवर तो गुण अवगुण होतो. साल आत दबते, घडी पडते, किसणी सटकते आणि नखाचा कीस निघतो. वर सालीतलं तेल थेट डोळ्यात. लहानपणी भावंडांच्या डोळ्यात साल पिळण्याचे जे उद्योग केले होते, त्यांची वसुली अशी पन्नाशीजवळ होईल असं वाटलं नव्हतं. जरा जोर लावला की आतला पांढरा भाग येतो, आणि तो कडू. त्यामुळे एक डोळा मिटून, हलक्या हाताने, संत्र्याला गोंजारत मी कीस काढत होतो.

तेवढ्यात आई आत आली.

"काय करून राहिला रे?"

"साल किसतोय. चिकनला लावायची आहे."

आईच्या दृष्टीने संत्र्याच्या सालीचा जगात एकच उपयोग. गच्चीवर सुपात वाळवायची, कुटायची आणि दिवाळीच्या उटण्यात घालायची. ती ओट्याजवळ आली. ताटात कातडीसकट चार मांड्या, वाटीत सालीचा कीस, शेजारी मध. तिने सगळं नीट निरखलं आणि विचारलं, "आंघोळ घालतो काय कोंबडीले? पणती लावू?"

मी तिला सांगितलं की चिनी लोक संत्र्याची वाळवलेली साल शेकडो वर्षं स्वयंपाकात वापरतात, चेनपी म्हणतात तिला. अमेरिकेतल्या पांडा एक्सप्रेस या चिनी हॉटेलांच्या साखळीतल्या एका आचाऱ्याने 1987 साली त्याच चवीवरून ऑरेंज चिकन काढलं आणि ते तिकडे घरोघरी पोचलं. आई म्हणाली, "त्यांच्याकडे दिवाळी नसन."

इकडे कन्येने मदत म्हणून फोडी बियांसकट मिक्सरमधून फिरवल्या होत्या. रंग सुरेख आला. एक थेंब जिभेवर ठेवला आणि कडुनिंबाची आठवण झाली. बियांमध्ये लिमोनिन नावाचं कडू द्रव्य असतं. बी फुटलं की ते रसात उतरतं, आणि रस आटवला की कडूपणाही दाट होतो. तो रस मोरीत गेला. आईने काही न बोलता किन्नू अर्धे कापले, गाळणीवर हाताने पिळले, बिया वर ठेवल्या. कॅलिफोर्निया शेवटी कामाला आला.

आता भांडं. आमच्या घरात मांसाहाराला एकच भांडं, जर्मनचा खोल गंज. सावजी रश्श्याला तो उत्तम. पण कातडी कुरकुरीत व्हायची तर पसरट तवा लागतो, पाण्याची वाफ मोकळी निघून जायला हवी. गंजात मांड्या उभ्या-आडव्या एकमेकींच्या अंगावर बसल्या, पाणी सोडलं आणि शांतपणे उकडायला लागल्या. बायकोचा डोशाचा नॉनस्टिक तवा समोर टांगलेला दिसत होता. त्याला हात लावण्यापेक्षा मी एकेक मांडी काढून, गंज कोरडा करून, दोन-दोन करत परतणं पसंत केलं. संसार टिकवायचा तर काही कातड्या मऊ राहू द्याव्या लागतात. कन्या व्हिडिओ पुढे-मागे करत वाचून दाखवत होती. "बाबा, आतलं तापमान 74 अंश झालं पाहिजे." घरातलं थर्मामीटर तापाचं, ते 42 ला संपतं, आणि तिथवर पोचलेलं माणूससुद्धा आपण घरी ठेवत नाही. आईने सुरी हाडापर्यंत टोचली, निघालेलं पाणी स्वच्छ आहे हे पाहिलं आणि म्हणाली, "शिजली."

खरी कसोटी पाकाची. किन्नूचा रस, मध, सोया सॉस, ठेचलेला लसूण आणि माझ्या एका डोळ्याच्या मोबदल्यात मिळालेला कीस, असं स्टीलच्या कढईत घालून 'चमच्याच्या पाठीला धरेपर्यंत' आटवायचं. नेमका तेव्हाच बायकोचा फोन आला. व्हिडिओ बंद पडला. माझी बोटं मधाने चिकट, स्क्रीन ओळख देईना. फोन वाजत राहिला, रस उकळत राहिला. आधी बारीक, घाईघाईचे बुडबुडे होते. मग ते मोठे झाले, मंदावले, काचेसारखे फुगून फुटायला लागले. कडेला रंग तपकिरी होत चालला. मधातली साखर चटकन लागते. इथून पुढे पाक आणि कोळसा यांच्यात फार तर एका शिंकेचं अंतर असतं.

आईने मला बाजूला केलं. चमच्यावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून तिने बोटं हळू लांब केली. मध्ये बारीक, चमकती तार उभी राहिली आणि क्षणभर तशीच थांबली.

"एकतारी झाला. उतरव."

"अजून पातळ दिसतोय."

"गॅसवर पातळ दिसतो तेव्हाच उतरवायचा असते. ताटात घट्ट होते. चिरोट्यावर पाक कधी ओतला नाही काय मी?"

त्या हसऱ्या बाईने दोन मिनिटं हातवारे करून जे सांगितलं, ते आईच्या दोन बोटांत मावलं. पाकात मांड्या घोळवल्या. कातडी कुरकुरीत नव्हती, पण चमक अशी आली की कन्येने चारही बाजूंनी फोटो काढले. वरून पांढरे तीळ भुरभुरवा, असं शेवटी होतं. संक्रांत नुकतीच झालेली, तिळाचा डबा अर्धा भरलेला. आख्ख्या पाककृतीतलं हे एकमेव साहित्य आमच्या घरात आयतं होतं.

पानं घेतली. आईने ताटाकडे पाहिलं, मग गंजात डोकावली. पुन्हा ताटाकडे.

"तर्री कुठं आहे?"

"याला तर्री नसते, आई."

"मग भाकर कशात बुडवू?"

याला त्या व्हिडिओतही उत्तर नव्हतं. आईने एक घास तोडून तोंडात टाकला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. "गोड आहे," ती म्हणाली. आमच्याकडे मांसाहाराबद्दल याहून गंभीर आरोप नाही. मग ती उठली, सावजी मसाल्याची बरणी घेऊन आली, थोडा मसाला जवसाच्या तेलात कालवला आणि मांडीला नीट चारही बाजूंनी चोपडला. कन्येने घाबरत एक कोपरा चाखला आणि आपलीही मांडी पुढे केली. मीही केली. संत्र्याचा आंबटगोडपणा आणि मागून येणारा सावजी ठसका एकत्र असे बसले की पुढची काही मिनिटं कोणी बोललं नाही, फक्त नाकं ओढली. बायकोसाठी ठेवलेली मांडी झाकून ठेवायला मी उठलो तेव्हा ती अर्धी झालेली होती. अपराधी कोण, याचा तपास अजून लागलेला नाही.

कढईला चिकटलेला पाक कडक झाला होता. तिच्यात गरम पाणी घालून मी घासणी शोधत होतो, तेवढ्यात बैठकीतून आईचा आवाज आला. अमरावतीच्या मावशीचा फोन होता.

"हो न, जेवण झालं आत्ताच... नाही गं, विशेष काही नाही. पोरगा संत्र्याचा मुरंबा करून राहिला होता, त्यात कोंबडी पडली."