गच्चीवरच्या तारेचा तपास

सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून कोपऱ्यातल्या बांबूपर्यंत तार ताणलेली आहे आणि तिच्यावर कुणीच कपडे वाळत घालत नाही? मग नक्की समजा, इमारतीत हॅम राहतो. हौशी रेडिओवाला, छंद म्हणून वायरलेसवर दूरदूरच्या लोकांशी बोलणारा. ती तार म्हणजे त्याची अँटेना. त्याच्याकडे परवाना आहे की नाही, हे तपासणं आता तुमच्यावर आलं. सरकार आहे, पोलीस आहेत, पण त्यांना तुमच्याइतका वेळ कुठला?

एक पथ्य मात्र पाळा : त्याला विचारू नका. विचारलंत की काका आत बोलावणार, चहा टाकणार आणि दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना पुढ्यात ठेवणार. नाव, पत्ता, कॉलसाइन (म्हणजे त्याच्या स्टेशनचं सांकेतिक नाव), मुदत, सगळं त्यावर छापलेलं. पाच मिनिटांत खेळ खलास. मग सर्वसाधारण सभेत बोलायचं काय?

त्यापेक्षा दाराला कान लावा. ‘सीक्यू, सीक्यू, व्हिक्टर युनिफॉर्म टू...’ सीक्यू म्हणजे ‘कुणी आहे का?’ अशी हाक. पुढचं लिहून घ्या. व्हिक्टर म्हणजे परदेशी हस्तक. युनिफॉर्म म्हणजे खात्यातला कुणी फितूर. टू म्हणजे असे दोघं. व्हिक्टर युनिफॉर्म ही नुसती व्ही आणि यू ही अक्षरं, व्हीयू ही भारतातल्या हॅमची खूण, पुढचा २ बहुधा जनरल परवान्याचा आणि ३ खालच्या दर्जाच्या रिस्ट्रिक्टेडचा, असलं काहीतरी रटाळ काका सांगतील. मनावर घेऊ नका. निरोप घेताना ते ‘सेव्हंटी थ्री’ म्हणतात. तारयंत्राच्या काळापासून ७३ म्हणजे शुभेच्छा. तुम्ही सभेत एवढंच विचारा : आपले फ्लॅट चोवीस, मग हा त्र्याहत्तरावा कोण?

आतून नुसतं टिक-टिक ऐकू आलं तर चांदीच. जनरल परवान्यासाठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स, म्हणजे टिक-टिकीची सांकेतिक लिपी, यावी लागते, त्याचा तो रियाज. तुम्हाला तो टाइमबॉम्ब वाटला पाहिजे.

शिवाय काका वही ठेवतात. किती वाजता, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, कुणाशी बोलणं झालं, सगळ्याची नोंद. इतक्या चोख नोंदी निरपराध माणूस ठेवतो का? आपल्या सोसायटीचे हिशेब आठवा.

राजीव गांधीसुद्धा हॅम होते, कॉलसाइन व्हीयू२आरजी, असं कुणीतरी सभेत म्हणेलच. म्हणू द्या. विषय राजकारणावर घसरतो आणि अर्धा तास मजेत जातो.

वॉचमनच्या हातातल्या वॉकीटॉकीकडे मात्र कुणाचं लक्ष जाऊ देऊ नका. ऑनलाइन स्वस्तात मिळाले म्हणून सेक्रेटरींनी चार सेट मागवले. पडद्यावर १४५.५०० दिसतं. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा हॅम मंडळींचा. विनापरवाना चालतात ते ४४६.० ते ४४६.२ वरचे, कमी ताकदीचे. पण आपल्या सेटच्या व्हाउचरवर खजिनदारांची सही आहे. आणखी कसला परवाना हवा?

तार कापायचा ठराव मंजूर झाला की सेक्रेटरींना त्याच सेटवरून हुकूम सोडू द्या. मध्येच काकांचा शांत आवाज येईल, “हे कोणतं स्टेशन? आपला कॉलसाइन सांगा.”

वॉचमन अजिबात गडबडणार नाही.

“बी विंग, नाइट ड्युटी,” तो सांगेल.