‘ध्यान करा, गोळ्या फेका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पारोळ्याच्या आमच्या आत्याने गेल्या महिन्यात नैराश्यावरच्या गोळ्या कोणालाही न विचारता बंद केल्या, कारण नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या एका संदेशाने तिला तसे सांगितले होते. जळगाव-धुळ्याकडच्या ओळखीच्या अनेकांना तोच संदेश आलेला आहे. त्याचे म्हणणे असे: सजगता ध्यान (माइंडफुलनेस, म्हणजे मनात येणाऱ्या विचारांकडे वाद न घालता पाहण्याचा सराव) गोळ्यांइतकेच गुणकारी असल्याचे विदेशी संशोधनाने सिद्ध झाले आहे, म्हणून गोळ्या आजच सोडाव्यात. रोज दहा मिनिटे मन विचारशून्य करावे. एकवीस दिवसांत नैराश्य मुळापासून जाते. आणि ज्याला हे जमत नाही त्याची इच्छाशक्तीच कमी, असे त्यात म्हटले आहे.

पहिल्या दाव्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते, आणि घात त्या अर्ध्या सत्यानेच होतो. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधील ४२४ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी निम्म्यांनी सजगतेवर आधारित उपचार घेत गोळ्या हळूहळू कमी केल्या, तर उरलेल्यांनी गोळ्या चालूच ठेवल्या. दोन वर्षांत पहिल्या गटातील ४४ टक्के आणि दुसऱ्या गटातील ४७ टक्के लोकांचा आजार उलटला, म्हणजे नैराश्य परत आले. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. परंतु हे रुग्ण कोण होते, हे संदेश लिहिणाऱ्याने गाळले. त्या सर्वांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेले होते, चाचणीच्या वेळी ते बऱ्यापैकी सावरलेले होते आणि त्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवल्या गेल्या. भर आजारात, एका संदेशावरून, एका दिवसात गोळ्या टाकून देणाऱ्या माणसाला ही चाचणी काडीचाही आधार देत नाही. या गोळ्या एकाएकी सोडल्या की चक्कर, निद्रानाश, चिडचिड, क्वचित डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असे त्रास होऊ शकतात. आत्याची झोप आठवड्याच्या आत उडाली आणि भिंत धरल्याशिवाय तिला ओट्यापर्यंत जाता येईना. तिच्या डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत.

शिवाय ज्या चाचणीचा एवढा डांगोरा पिटला जातो, तिच्यात दोन्ही गटांतील जवळजवळ निम्म्या लोकांचा आजार परत आला, हे ध्यानात घेतले तर ‘मुळापासून जाते’ या शब्दांना काय अर्थ उरतो? एकवीस दिवसांचा आकडाही मनानेच घातलेला आहे. मूळ प्रशिक्षण आठ आठवड्यांचे, दर आठवड्याला सुमारे दोन तासांचे, जाणकार प्रशिक्षकासमोर गटात घ्यायचे आणि रोज घरी सराव करायचे असते.

विचारशून्य मनाची गोष्ट तर या उपचाराच्या अगदी उलट आहे. नैराश्यात माणूस त्याच त्या विचारांचे रवंथ करत राहतो. आत्या रात्र रात्र एकच धरून बसते: केळीचा बाग विकलाच नसता तर, माझ्याच हट्टामुळे विकला का, मी अशीच का? प्रश्न सोडवतो आहोत असे तिला वाटते. प्रत्यक्षात उत्तर मिळत नाही आणि मन आणखी खचते. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी घडवलेल्या या पद्धतीत तो विचार हाकलायला शिकवत नाहीत. ‘माझ्या मनात पुन्हा बागेचा विचार आला आहे’ एवढे ओळखायचे, त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याच्यामागे जायचेही नाही आणि लक्ष श्वासाकडे आणायचे. ते पुन्हा भरकटणार, पुन्हा आणायचे. सराव तो हाच. मन रिकामे करा असे सांगितलेला रुग्ण मात्र प्रत्येक विचाराला आपले अपयश समजतो आणि रवंथाला नवा विषय मिळतो: मला साधे ध्यानही जमत नाही.

इच्छाशक्तीच्या टोमण्यावर फार लिहावेसे वाटत नाही. तीव्र नैराश्यात एकाग्रता कमी होणे हे आजाराचेच लक्षण आहे, आणि काहींना डोळे मिटून बसल्यावर जुने आघात आठवून त्रास वाढतो. अशा माणसाला आधी डॉक्टरांकडे न्यावे. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते.