फुली-गोळा

जगात कुठेही नावापुढे फुली आली की माणूस बाद. रेशनच्या यादीत बाद, वर्गाच्या हजेरीत बाद, लग्नाच्या आमंत्रणांच्या यादीत तर कायमचा बाद. आमच्या बास्केटबॉलमध्ये उलटं आहे. इथं नावापुढे फुली नसेल तर मुलगी बाद, आणि फुली मारणारी मी.

होतं असं, की सामना सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी मला स्कोअरशीटवर सही करावी लागते आणि बारा नावांपैकी पहिल्या पाच जणींपुढे बारीक फुली मारावी लागते. सामना सुरू होताना स्कोअरर बघतो, कोर्टवर त्याच पाच जणी उभ्या आहेत ना, आणि प्रत्येक फुलीभोवती लाल गोल काढतो. पुढे ज्या मुली बदली म्हणून आत जातात त्यांच्यापुढे नुसती फुली. ज्या आत जातच नाहीत त्यांच्यापुढे कोरी जागा. म्हणजे एकाच संघात तीन पंगती झाल्या: फुली-गोळावाल्या, नुसत्या फुलीवाल्या आणि कोऱ्या. वाढपी एकटी मी.

साताऱ्यातल्या एका मुलींच्या कॉलेजात मी खेळ शिकवते. दारावरच्या पाटीवर 'शारीरिक शिक्षण संचालक' असं भारदस्त लिहिलंय. प्रत्यक्षात चेंडूत हवा भरण्यापासून प्रवासखर्चाच्या पावत्या चिकटवण्यापर्यंत सगळं संचालन माझंच. मी मूळची खो-खोची. बास्केटबॉल शिकले ते पतियाळाच्या सहा आठवड्यांच्या कोर्समध्ये. तिथं झोन डिफेन्स शिकवला, फास्ट ब्रेक शिकवला, फ्री थ्रोच्या वेळी कोपर कुठं हवं तेही शिकवलं. बाकावर बसलेल्या सात मुलींचं काय करायचं, हे मात्र कुणी शिकवलं नाही. आणि खो-खोत वाढलेल्या बाईला ते आपसूक कळणंही अवघड. खो-खोत चौकात बसलेली मुलगी खेळातच असते. उलट बसल्याशिवाय तिला खो मिळत नाही. बसण्यात अपमान असतो, ही गोष्ट मला या खेळात आल्यावर समजली.

मूळ खेळात हा अपमान नव्हता हो! १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफील्डला नायस्मिथ सरांनी पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ काढला, तेव्हा वर्गात अठरा विद्यार्थी होते. सरांनी सरळ नऊ-नऊचे दोन संघ पाडले. अठराच्या अठरा खेळले, एकूण गोल एक झाला, पण घरी जाऊन कुणी आईजवळ रडलं नसणार. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या बाईंनी स्मिथ कॉलेजातल्या मुलींना हा खेळ शिकवला, तेव्हा त्यांनी कोर्टचे तीन भाग केले आणि जिनं तिनं आपापल्या भागातच राहायचं असा नियम घातला. काय सुख असेल! मग १८९७ मध्ये एका बाजूला पाचच खेळाडू असं पक्कं झालं आणि उरलेल्यांसाठी बाक आला. माझ्या अर्धशिशीची जन्मतारीख विचारली तर मी तेच साल सांगते.

दुसरी गोम बदलीच्या नियमात आहे. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला ठरावीक बदल्या झाल्या की हात वर करता येतात: "बाळा, तुला घेतलंच असतं, पण नियम आडवा आला." आमच्यात कितीही वेळा बदला, काढलेलीला परत घाला, घातलेलीला परत काढा. नियम कधीच आडवा येत नाही. आडवी येते ती मीच.

आता मुलींची नावं सांगत नाही, नंबर सांगते. आमच्या जर्सीचा संच जुना आहे, चार ते पंधरा नंबरांचा. हल्ली कुठलेही नंबर चालतात, पण कॉलेजच्या खरेदी समितीला हे अजून कळलेलं नाही. शिवणाऱ्यानं नंबर वाढेल तसं माप वाढवलंय. त्यामुळे चार नंबरची जर्सी बाहुलीची आणि पंधरा नंबरची तंबूची. सात नंबर ही आमची सगळ्यात चांगली खेळाडू. पंधरा नंबर ही फर्स्ट इयरची काडीपैलवान. जर्सी वाटपाच्या दिवशी तिची एसटी चुकली म्हणून तिला तंबू आला. ती पळते तेव्हा आधी ती जाते आणि मग जर्सी जाते.

बाकावर कोण कुठं बसतं यालाही अर्थ असतो. माझ्या शेजारची जागा म्हणजे 'आता मलाच घेणार'. दुसरी जागा म्हणजे 'नंतर मला'. टोकाला पाण्याच्या कॅनशेजारी बसणारीनं आशा सोडलेली असते, पण लिंबू-साखर-मिठाच्या पाण्यावर ताबा तिचा असतो, आणि तो ती पुरेपूर वापरते. एकदा मी शेजारच्या जागेवर नुसती फाइल ठेवली, तर दहा नंबर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणि त्यांच्या नजरा! खेळ समोर चाललेला असतो, बाक मला बघत असतो. मी पदर सावरायला मान वळवली की दोघींचे ट्रॅकसूट उतरतात. शिंकले की तिघी उभ्या राहतात. अकरा नंबर बुटाची नाडी पहिल्या मिनिटापासून बांधायला घेते. चाळीस मिनिटांत एवढ्या वेळा नाडी बांधली जाते की तेवढ्यात वेणीफणी होऊन वर गजरा माळता येईल. आणखी एक आहे, बारा नंबर. ती काहीच करत नाही. शांतपणे, सोशिक सुनेसारखी, जमिनीकडे बघत बसते. सगळ्यात जास्त धास्ती मला तिचीच वाटते.

पालकांचं खातं वेगळं. एक काका स्वतःचं घड्याळ लावून बसतात. मागच्या वर्षी सामना संपल्यावर आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या हिशेबात आमच्या पोरीची तीन मिनिटं, माझ्या घड्याळात साडेसात!" मी आधी खूश झाले, मग उलगडा झाला. आमचं घड्याळ शिट्टी वाजली की थांबतं, काकांचं थांबत नाही. त्यांच्या पोरीनं आत गेल्या गेल्या दोन फाउल केले होते. फ्री थ्रो, टाइम आऊट, पंचांचं बूट बांधणं, सगळं काकांनी पोरीच्या खात्यावर जमा केलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही. साडेसात मिनिटं मिळाल्याचा आनंद मी कशाला घालवू?

एक आई दर सामन्याला डिंकाचे लाडू आणतात. सहा वेळा मला देतात, सातव्या वेळी विचारतात, "मग हिचं सर्टिफिकेट तरी मिळंल ना?" सर्टिफिकेट मिळतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे हेही खरं आहे. पण त्यासाठी लागणारी पातळी आमच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या बरीच वर आहे, आणि ती गाठायची तर आधी कोर्टवर जायला हवं. हे तोंडात लाडू असताना सांगता येत नाही.

शेवटी गेल्या वर्षी मी ठरवलं, गणितानंच न्याय करू. पाच जणी, चाळीस मिनिटं, म्हणजे एकूण दोनशे मिनिटं. भागिले बारा. प्रत्येकीला सोळा मिनिटं चाळीस सेकंद. एका मैत्रीपूर्ण सामन्यात, कागदावर तक्ता काढून, तंतोतंत तसं केलं. वाटलं होतं, निदान बाक तरी दुवा देईल. पहिल्या पाच जणी चिडल्या कारण वेळ निम्म्याहून कमी झाली. हे अपेक्षित होतं. पण अकराव्या मिनिटाला आमची बाकावरची वाघीण, जी मला वर्षभर डोळ्यांनी जाळत होती, ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर आली: "मॅडम, बदला ना मला. दम लागला." तक्त्यानुसार तिची पाच मिनिटं चाळीस सेकंद शिल्लक होती. मी म्हटलं, "खेळ." आम्ही एकतीस गुणांनी हरलो. बारा जणी मिळून एकाच वेळी माझ्यावर नाराज झाल्या, एवढं एक संघभावनेचं काम त्या तक्त्यानं केलं.

मग मी प्रेरणेकडे वळले. २०२४ सालचा अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना मी मुलींना मोबाइलवर दाखवला. एका बाजूला आयोवाची केटलिन क्लार्क, तिनं एकटीनं तीस गुण केले. दुसऱ्या बाजूला प्रशिक्षक डॉन स्टेली बाईंचा साउथ कॅरोलिना. त्यांनी सामना ८७-७५ असा जिंकला, आणि अख्खा हंगाम एकही सामना न हरता संपवला. "आता ऐका," मी आवाज चढवला, "साउथ कॅरोलिनाच्या बाकावरून आलेल्या मुलींनी सदतीस गुण केले. आयोवाच्या बाकानं शून्य. आणि साउथ कॅरोलिनाकडून सगळ्यात जास्त, एकोणीस गुण, कुणी केले? बाकावरून आलेल्या फर्स्ट इयरच्या मुलीनं!"

शांतता पसरली. मला वाटलं, लागला बाण. मग दहा नंबर म्हणाली, "मॅडम, एवढं चांगलं खेळत होती तर तिला पहिल्या पाचात का नव्हतं घेतलं?" पाठोपाठ अकरा नंबर: "आणि मॅडम, त्या बाई बाकावरच्यांना आत घेतात, म्हणून तर सदतीस गुण झाले ना?" सोशिक बारा नंबर काही बोलली नाही. फक्त सुस्कारा सोडला. मी मोबाइलची बॅटरी संपल्याचं जाहीर केलं.

तुम्हाला वाटेल, घालणं अवघड. नाही, काढणं अवघड. पंच दोन्ही हात छातीपुढे आडवे धरून बदलीची खूण करतात (ती खूणही फुलीच), आणि आतली मुलगी पहिल्यांदा मागे वळून बघते, की माझ्या मागे कुणी उभी आहे का, जिला बोलावतायत. मग छातीवर बोट ठेवते: मी? मग बाहेर येते ती असा चेहरा करून, जणू मी तिला भर मांडवातून उठवलंय. "माझं काय चुकलं?" काही चुकलेलं नसतं गं, तू दमलीयस. पण दमलीस म्हणणं हा आणखी मोठा अपमान. त्यामुळे मी आता एक युक्ती करते. बाहेर आलेल्या मुलीला शेजारी बसवते आणि गंभीरपणे कानात सांगते, "इथून त्यांच्या नऊ नंबरकडे लक्ष ठेव, मला तुझे डोळे पाहिजेत." तीन मिनिटं ती गुप्तहेर असते. माझी तेवढी तीन मिनिटं सुखात जातात.

ही युक्ती सात नंबरवर चालत नाही, हे मला यंदा कराडला समजलं.

तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच सात नंबरचा चौथा फाउल झाला. पाचवा झाला की सामन्यातूनच बाहेर. म्हणून तिला काढलं आणि पंधरा नंबरच्या शेजारी बसवलं. तक्त्याचा तो मैत्रीपूर्ण सामना सोडला, तर तीन वर्षांत ती सामना चालू असताना पहिल्यांदाच बसत होती, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बाईला बसताच येत नाही. आधी ती दहा नंबरच्या जागेवर बसली. दहा नंबर म्हणाली, "ही माझी जागा आहे." मग पाणी मागितलं. कॅनवालीनं सांगितलं, "आधी कोर्टवरच्यांना." टॉवेल कुठं आहेत विचारलं तर पंधरा नंबरनं घडी करून दिला आणि वर शिकवलं, "आमच्यात तोंड पुसून झालं की परत घडी घालतात."

तेवढ्यात आमच्या पाच नंबरला समोरच्या मुलीनं चांगला धक्का दिला आणि पंचांनी शिट्टी वाजवली नाही. बाकावरच्या सहा जणींनी तोंडातल्या तोंडात जे म्हणायचं ते म्हटलं. त्यांना सवय आहे, उभं राहायचा हक्क फक्त माझा. सात नंबर मात्र ताडकन उठली आणि पंचांच्या डोळ्यांविषयी अख्ख्या कराडला ऐकू जाईल असं मत दिलं.

टेक्निकल फाउल. आता यातली गंमत बघा. हीच मुलगी कोर्टवर असताना ओरडली असती, तर तो तिचा पाचवा फाउल झाला असता. ती बाकावर होती, म्हणून तो माझ्या नावावर लागला. स्कोअरशीटवर माझ्या नावापुढे 'बी' लिहिलं गेलं. बेंचचा 'बी'. समोरच्यांना एक फ्री थ्रो, तो त्यांनी अचूक टाकला.

चौथ्या क्वार्टरला सात नंबरला परत घातलं आणि शेवटचं दीड मिनिट उरलं असताना तिचा पाचवा झालाच. मी बाकाकडे वळले. दहा नंबर आतच होती, अकराची नाडी नेमकी सुटलेली, बारा जमिनीकडे बघत होती. पंधरा नंबर टेबलाकडे धावली, आधी ती, मग जर्सी. दीड मिनिटात तिच्याकडे चेंडू एकदाच आला, तो तिनं जिला द्यायचा तिला दिला, आणि काही बिघडवलं नाही. आम्ही दोन गुणांनी हरलो, त्यातला एक माझ्या 'बी'चा. प्राचार्यांना काय सांगायचं ते मी एसटीत जुळवत होते.

तेवढ्यात पंधरा नंबरचा फोन माझ्या हातात आला. तिनं स्कोअरशीटचा फोटो काढून घरी पाठवला होता, आणि पलीकडून तिचे वडील काळजीनं विचारत होते, "मॅडम, पोरीच्या नावापुढं फुली मारलीय. काय चुकलं का हिचं?"

उंब्रजपर्यंत मी त्यांना फुली समजावली. त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण "बरं बरं, मग चांगलंच म्हणायचं" म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी डोळे मिटणार, तर सीटजवळ बाक उभा. अख्खा. पुढं पंधरा नंबर, मागं दहा, अकरा, बारा, कॅनवाली. मी मनातल्या मनात मिनिटांचा हिशेब सुरू केला.

"मॅडम, एक सांगू? रागावू नका."

"बोल."

तिनं मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या सात नंबरकडे एकदा बघितलं आणि आवाज उतरवला.

"तिला परत आमच्यात नका बसवू. लई दंगा करती."