कचरा म्हणू नका

तुमच्या झाडबेडकांवरच्या लेखात त्यांच्या डीएनएमधल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांना ‘निव्वळ कचरा’ म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. गुणसूत्राची कंबर, म्हणजे सेंट्रोमिअर, बहुतेक प्राण्यांत अशाच तुकड्यांच्या लांबच लांब रांगांची असते. पेशी दुभंगताना ओढणारे तंतू तिथेच येऊन पकडतात. ती पकड सुटली तर गुणसूत्रांची वाटणीच चुकेल. शिवाय एकसारखे तुकडे दोन गुणसूत्रांवर असले की चुकीच्या जागी अदलाबदल होऊ शकते, गुणसूत्रांची मांडणीच बदलते. हायलिडी या झाडबेडकांच्या कुळात बऱ्याच जातींची गुणसूत्रं २४, पण त्यातल्याच डेंड्रोप्सोफस गटात ३०. हे कसं घडलं, याचा माग काढायला संशोधक हेच तुकडे खुणेसारखे वापरतात. मग कचरा कसा?

आणि लेखातली सगळी उदाहरणं अमेरिकेतलीच का? आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी न्हाणीमागे सिमेंटची टाकी आहे. पाऊस लागला की तिच्या आतल्या कडेला, पाण्याच्या वीतभर वर, साबणाच्या फेसासारखा गोळा चिकटलेला दिसतो. दोन दिवसांत तो वरून तपकिरी, कडक होतो आणि मग पिल्लं खाली पाण्यात टपटप पडायला लागतात. तेवढे दिवस आई त्या टाकीत बादली बुडवू देत नाही. हा आपला साधा झाडबेडूक, पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस. कूळ वेगळं, गुणसूत्रं २६. त्याच्यावर दोन ओळी तरी हव्या होत्या.