पगार तर सगळेच घेतात

आमच्या वसतिगृहातल्या जुन्या पोरांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. पोरं म्हणायची आपली सवय. निम्मे आता आजोबा झालेत. मागच्या महिन्यात त्यावर बातमी आली की विद्यापीठाचे आपले इंजिनिअर साहेब गेले. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मग एकाने सुचवलं, शोकसभा घेऊ आणि आतल्या एखाद्या रस्त्याला त्यांचं नाव द्यावं म्हणून निवेदन देऊ. लगेच दुसरा उगवला: "नोकरी केली, पगार घेतला, पेन्शन घेतली. नाव द्यायला असं काय केलं?" तिसऱ्याने तेल ओतलं, "आपल्याकडे नावावरून आधी काय कमी झालं का?"

तिसऱ्याचं आधी निकालात काढतो. नेहरूंच्या हस्ते १९५८ साली सुरू झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधल्या काळात माणसं मारली गेली, वस्त्या जळाल्या. विद्यापीठाचा पत्ता नव्हता तेव्हा, १९५० साली, ज्यांनी इथे मिलिंद महाविद्यालय काढलं, त्यांच्या नावासाठी हे सगळं झालं. ते भांडण माणूस म्हणून मोजलं जाण्याचं होतं. ते आपल्या आळसाला झाकण म्हणून वापरू नका.

आता पगाराचं. साहेब भूमकडचे. बाहत्तरच्या दुष्काळात आईने खडी फोडली, तेव्हा हे औरंगाबादच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात होते. (शहराचं नाव आता बदललंय, माहीत आहे. मी त्यांच्या वेळचं लिहितोय.) जायकवाडीचं काम जोरात होतं, बरोबरचे बरेच जण पाटबंधाऱ्यात गेले, जीपगाड्यांत बसले. हे सायकलीवर विद्यापीठात आले आणि तिथेच निवृत्त झाले.

मे महिन्यात एका स्लॅबचं क्युरिंग, म्हणजे नवं काँक्रीट पाणी मारून ओलं ठेवणं, चालू होतं. दुपारी दोन वाजता, लेण्यांच्या डोंगराकडून नुसती आग येत असताना, साहेब शिडीने वर चढले. मागून मिस्त्री, त्याच्यामागे उगाच आम्ही दोघं. साहेब उकिडवे बसले आणि गोणपाटाखाली तळहात सरकवला.

"साब, सुबह मारा ना पानी."

"मारलं असतं तर हे कोरडं कसं? बघ, हात घाल तू."

मिस्त्रीने हात घातला नाही. साहेबांनी खिशातून पेन काढून तिथेच तारीख-वेळ टिपली आणि पाणी येईस्तोवर त्या उन्हात बसून राहिले. ठेकेदाराचं पुढचं बिल किती दिवस अडकलं ते विचारू नका. ज्यावरून ठेकेदाराचं बिल निघतं त्या मोजमापाच्या वहीत, मेजरमेंट बुकात, त्यांच्या सहीचा एकही आकडा टेपशिवाय चढला नाही, असं त्यांचा हाडवैरी ठेकेदारही सांगायचा, शिव्या देत का होईना.

मृगाच्या आधी ते स्वतः एकेक गच्ची फिरत. कडुलिंबाचा पाला पन्हाळीच्या तोंडातून हाताने ओढून काढत. पाण्याचं तर वेडच. पाणचक्कीला डोंगरातलं पाणी खापरी नळांतून कसं आलं, मलिक अंबरने सतराव्या शतकात पंपाशिवाय शहराला पाणी कसं पाजलं, हे सांगायला लागले की आमचा चहा गार व्हायचा. आणि या सगळ्याचं दिसण्यासारखं काय उरतं? न गळलेली गच्ची. तिचा फोटो कोण काढतो?

मी अमेरिकेत, इलिनॉयमधल्या अर्बानात राहतो. इथल्या विद्यापीठाच्या मॉरो प्लॉट्स या प्रयोगाच्या शेतात १८७६ पासून मका पेरतात. १९६९ साली शेजारी लायब्ररी बांधायची वेळ आली, तर मक्यावर सावली पडू नये म्हणून ती जमिनीखाली बांधली. रोज टॅल्बट लॅबवरून जातो. हे टॅल्बट इथलेच प्राध्यापक. पाणीपुरवठा, सांडपाणी, काँक्रीट हे त्यांचे विषय, म्हणजे आमच्या साहेबांचेच. पगार तेही घेत होते. ते ग्रुपवर टाकलं तर उत्तर आलं, "तिकडून बोलायला काय जातं!"

काही जात नाही, खरंय. ग्रेंजरचं मी ग्रुपवर लिहिलं नाही, तेही खरंय. २०१९ साली ग्रेंजर फाउंडेशनने इथल्या विद्यापीठाला दहा कोटी डॉलर दिले आणि अख्ख्या इंजिनिअरिंग कॉलेजला ग्रेंजर हे नाव लागलं. टॅल्बटसुद्धा प्राध्यापक होते म्हणून दिसले. जानेवारीत पहाटे आमच्या पार्किंगमधला बर्फ ओढणाऱ्या माणसाचं नाव मला माहीत नाही, आणि त्यावाचून माझं काही अडत नाही.

साहेबांवाचून अडतं. सुट्टीत गेलो की मी विद्यापीठात चक्कर मारतो. गेटवरचा पोरगा विचारतो, "कुणाकडे जायचंय?" माझे गुरुजन केव्हाच निवृत्त झाले, काही वारले. मी साहेबांचं नाव सांगायचो. ते स्वतः निवृत्त झाल्यावरही ते नाव चालायचं, एखादा जुना शिपाई मागून ओरडायचा, "सोड रे, साहेबांकडचे आहेत." आता त्या गेटवर सांगायला माझ्याकडे नाव नाही. रस्त्याच्या पाटीसाठी मी एवढा का भांडतोय, त्यातलं अर्धं कारण हे आहे. ग्रुपवर ते लिहायचा धीर झाला नाही.

तेव्हा निवेदन निघणार असेल तर माझी सही घ्या. परदेशातला पत्ता चालत नसेल तर औशाचा टाका. घर भावाच्या नावावर असलं तरी पत्र तिथे अजून पोचतं.